गूलवाच्या किनाऱ्यावर मोसम उघडला की कॉकल (वाळूत राहणारे शिंपले) कसे काढायचे?

दक्षिण ऑस्ट्रेलियात यांचा मोसम १ नोव्हेंबर ते ३१ मे. किमान आकार ३५ मिमी, आणि माणशी दिवसाला किती न्यायचे यालाही मर्यादा आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाची सरकारी सूचना जरूर बघा, कारण विषारी शैवाल वाढलं की किनारा बंद होतो आणि ते विष शिजवून जात नाही.

ओहोटी पूर्ण लागायच्या तासभर आधी पोहोचा. कोरड्या वाळूत खणणं म्हणजे फुकटची मेहनत. लाट येऊन परत जाते त्या पट्ट्यात, घोटाभर पाण्यात उभे राहा आणि टाचा डावी-उजवीकडे फिरवत वाळूत रुता. तळव्याला गुळगुळीत, कडक काही लागलं की हात घाला. बहुतेक शिंपले वीतभर खोलीच्या आतच असतात. काही लागलं नाही तर दहा-वीस पावलं सरका, ते घोळक्याने असतात. पाठ मात्र समुद्राकडे करू नका.

माप जागेवरच घ्या. लहान शिंपले ओल्या पट्ट्यातच परत सोडा, कोरड्यावर टाकले तर सीगल टिपतात.

रेती काढायला स्वच्छ समुद्राच्या पाण्यात रात्रभर ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला. नळाचं पाणी नको, त्यात ते मरतात. बादली गच्च भरली किंवा झाकण घट्ट लावलं तरी तेच, गुदमरतात. शिजवण्याआधी टिचकी मारून बघा, उघडा शिंपला मिटला नाही तर फेकून द्या.