जर्मनीला निघायच्या आधी: कोपरखैरणेच्या भावाला

तू विचारलंस की दादा, लायपझिगची ऑफर आलीये, ब्लू कार्ड (तिथला नोकरीचा राहण्याचा परवाना) होईल, टी म्हणजे टेस्टोस्टेरॉन सुरू करून आठ महिने झालेत, तर कागदांवरचं नाव आणि लिंग इथेच बदलू की तिकडे येऊन, आणि तिकडच्या मराठी लोकांपासून लांबच राहू का. मीही तुझ्यासारखाच ट्रान्स पुरुष, कळव्याचा, 2023 पासून लायपझिगलाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कागद भारतातच कर. जर्मनीत 1 नोव्हेंबर 2024 पासून नवा कायदा आहे, श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-लग्नाची नोंद करतात तिथे, तीन महिने आधी कळवायचं आणि मग जाऊन सांगायचं की माझं नाव हे, लिंग हे, ना डॉक्टरचा दाखला ना कोर्ट, आणि ब्लू कार्डवाल्यालाही ते चालतं. पण पासपोर्ट भारताचा, तो जर्मनी बदलून देत नाही ना, आणि घर भाड्याने घेताना, बँकेत, विमानतळावर आधी पासपोर्टच मागतात. एका कागदावर हेर (श्री) आणि दुसऱ्यावर फ्राउ (श्रीमती) असलं की प्रत्येक खिडकीवर तीच गोष्ट पहिल्यापासून सांगत बसायचं.

मी आधी राजपत्रात नाव बदललं, मग ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचं ट्रान्सजेंडर ओळखीचं प्रमाणपत्र, सर्जरीनंतर सुधारित प्रमाणपत्र आणि शेवटी पासपोर्ट, सगळं मिळून दीड वर्ष गेलं. कोपरखैरणे ठाणे जिल्ह्यात येतं म्हणून तुझंही ठाण्यालाच, माझा खारघरचा मित्र मात्र रायगड जिल्ह्यात, त्याची फाईल अलिबागला. नियम बदलत असतात, अर्ज करशील त्या दिवशी काय लागू आहे ते वकिलाकडून नीट समजून घे. आणि डिग्री विसरू नकोस!! माझी जुन्या नावावर राहिली, ऐन व्हिसाच्या वेळी राजपत्राची प्रत आणि भाषांतर घेऊन धावपळ झाली.

कंपनी अमेरिकेचंही विचारतेय म्हणालास, मी तरी नाही जाणार. 20 जानेवारी 2025 ला ट्रम्पनी शपथ घेतली त्याच दिवशी आदेश काढला की सरकार दोनच लिंगं मानणार, तीही जन्माची. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानेही एप्रिल 2025 मध्ये समानता कायद्यातली 'स्त्री' म्हणजे जन्माने स्त्री असाच अर्थ लावला.

जर्मनी पण स्वर्ग नाही. ऑगस्ट 2024 मध्ये आमच्याच राज्यात बाउत्सेन नावाच्या छोट्या गावात प्राइडच्या, म्हणजे आपल्यासारख्यांच्या मिरवणुकीच्या, विरोधात 700च्या आसपास निओ-नाझी जमले होते. आम्ही प्राइडसाठी लायपझिगहून ट्रेनने गेलो होतो, एक युक्रेनची मुलगी, दोघे सिरियाचे, मी, सगळ्यांचं जर्मन मोडकं, पण परत येताना डब्यात कोणी एकट्याने बसायचं नाही एवढं सगळ्यांना न बोलता कळत होतं. मला ते नवीन नव्हतं, ठाणे-वाशी लोकलमध्ये मी लेडीज डबा सोडून पहिल्यांदा जनरलमध्ये चढलो, घाबरून दाराशी उभा होतो, तेव्हा टाळी वाजवत आलेल्या एका हिजड्यानेच मला पहिल्यांदा भाऊ म्हटलं होतं, आणि पैसे पण नाही घेतले.

आता मराठी लोकांचं. जर्मनमध्ये 'मी आलो' आणि 'मी आले' एकच, त्यामुळे पहिलं वर्ष फार मोकळं वाटलं, मराठीत तर तोंड उघडलं की क्रियापदच सगळं सांगतं. मी मराठी माणूस दिसला की रस्ता बदलायचो. मग एकदा लक्षात आलं की कितीतरी महिन्यांत मी कोणासमोर आलो, गेलो, दमलो असं म्हटलेलंच नाही, आणि ज्या शब्दासाठी घरी एवढी भांडणं केली तोच वापरायला माणूस नाही. आई तर सहा वर्षं क्रियापद टाळून बोलायची, 'जेवण झालं का', 'झोप झाली का', कधीच जेवलास नाही की जेवलीस नाही. फार लागायचं ते.

म्हणून लांब राहू नकोस, पण एकटा पण जाऊ नकोस. मी गणपतीला एका मैत्रिणीबरोबर गेलो, काही जणांनी बघून न बघितल्यासारखं केलं, एकाने जुनं नाव विचारलं, तिने त्याला तिथेच गप्प केलं. मग वाढायला उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, ये रे, ताट घे. त्या 'रे' वर मी घरी येऊन आईला फोन केला आणि सांगितलं, आई मी मोदक खाऊन आलो. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, किती खाल्लेस रे.

टीचं प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरचं इंग्लिश पत्र हातातल्या बॅगेत ठेव, मला इथे डॉक्टरची वेळ मिळायला चार महिने लागले. तारीख ठरली की कळव, मी स्टेशनवर येतो.