डोनर एग घेतलं तर बाळ आपलं वाटतं का?

वय ४१, स्वतःच्या अंड्यांवर केलेली दोन आयव्हीएफ फसली, आता डॉक्टर डोनर एग, म्हणजे दुसऱ्या बाईनं दिलेलं अंडं, सुचवताहेत आणि तुम्हाला धास्ती आहे की बाळ आपलं वाटेल का. मी याच वाटेनं आई झाले. मुलगी सहा वर्षांची आहे.

वाटतं. पण त्याआधीचं एक रडणं उरकून घ्या. एएमएचचा, म्हणजे अंड्यांचा साठा किती उरलाय हे सांगणाऱ्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट आला त्याच दिवशी मी केबिनमध्ये ‘हो’ म्हणून मोकळी झाले आणि मग चार महिने फाइल कपाटातून काढलीच नाही. जे मूल कधी झालंच नाही त्याच्यासाठी रडतेय, हे सांगायचं तरी कुणाला?

उपचार त्या मानानं सोपा. वयाचा फटका गर्भाशयापेक्षा अंड्यांना फार जास्त बसतो, त्यामुळे यश बरंचसं अंडं देणारीच्या वयावर ठरतं. इंजेक्शनं घेऊन अंडी वाढवणं, काढणं तिच्या वाट्याला. तुम्हाला इस्ट्रोजेनच्या गोळ्या, गर्भाशयाचं अस्तर ७-८ मिलिमीटर झालं की प्रोजेस्टेरॉन (गर्भ रुजायला आणि टिकायला लागणारं संप्रेरक), आणि मग बहुधा पाचव्या दिवसाचा गर्भ आत सोडतात. प्रोजेस्टेरॉन पुढेही गरोदरपणाच्या १०-१२ आठवड्यांपर्यंत चालतं. रात्री त्याची कॅप्सूल योनीत ठेवून पडायचं आणि सकाळी मेणचट डाग धूत बसायचं, हे मात्र आधी कुणी सांगत नाही.

डॉक्टरांशी एका गोष्टीवर नक्की बोला: अशा गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा, प्रीएक्लॅम्प्सियाचा (वाढलेल्या रक्तदाबामुळे आई-बाळ दोघांनाही घातक ठरू शकणारा गरोदरपणातला आजार) धोका जास्त असतो. जुळं असेल तर आणखी. मी एकच गर्भ सोडायचा हट्ट धरला होता.

‘नऊ महिने वाढवलंस की तुझी जनुकं उतरतातच’ असं प्रेमानं सांगणारे भेटतील. तसं होत नाही. पोटातल्या वातावरणाचा बाळाची जनुकं कशी काम करतात यावर परिणाम होतो, पण आईकडून येणारी जनुकं त्या दुसऱ्या बाईचीच, अगदी मायटोकॉन्ड्रियातली (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातली) सुद्धा. हे स्वतःशी एकदा मोठ्यानं म्हणून बघा.

मुलीला आम्ही ती तीन वर्षांची असल्यापासून सांगत आलोय. हल्ली लाळेच्या एका डीएनए चाचणीत सगळं बाहेर येतं, गुपित ठेवून करायचं काय? मागे तिचा खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ‘आईकडे कुणाला दमा?’ मी सवयीनं म्हणाले, ‘हो, माझ्या आईला.’ तर ही खुर्चीतून पाय हलवत म्हणते, ‘आई, पण अंडं त्या मावशीचं होतं ना?’

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं.