मेलेलं पात्र कथा पुढे कसं नेऊ शकतं?

तुमच्या कादंबरीतली थोरली बहीण मध्यावरच मरते, त्यानंतर ती फक्त फ्लॅशबॅकमध्ये येते आणि कथा ढिली पडते, असं तुम्ही लिहिलंय. फ्लॅशबॅक वाढवून हे सुटणार नाही. गेलेल्या माणसाची नुसती आठवण काढल्याने कथा हलत नाही. मागे राहिलेल्यांना त्याच्यामुळे काहीतरी करणं भाग पडलं, की ती हलते.

शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये (१५९९) पाच अंकांपैकी तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच सीझर मारला जातो. पुढे त्याचं भूत येतं, पण माझ्या मते खरं काम करतं ते त्याचं मृत्युपत्र. सीझरचा मित्र अँटनी ते जमावाला आधी नुसतं दाखवतो, वाचत नाही. मग सीझरचा झगा उचलून कुणाचा खंजीर कुठून घुसला ते दाखवतो. लोक पेटले की मगच सांगतो, सीझरने प्रत्येक नागरिकाला ७५ द्राक्मा (चांदीची नाणी) ठेवलेत. घटकाभरापूर्वी मारेकऱ्यांपैकीच एक असलेल्या ब्रूटसचा जयजयकार करणारा जमाव त्याचं घर जाळायला निघतो.

पण मला याहून मोठं उदाहरण वाटतं ते कर्णाचं. युद्ध संपलंय, गंगेकाठी मृतांना तिलांजली दिली जातेय, आणि तेव्हा कुंती सांगते की कर्णही तुमचाच थोरला भाऊ, त्यालाही पाणी द्या. जिंकलेलं राज्य युधिष्ठिराला नकोसं होतं. शांतिपर्वाच्या सुरुवातीला तो नारदांना सांगतो की द्यूतसभेत कर्णाच्या बोलण्याचा संताप यायचा, पण त्याच्या पायांकडे लक्ष गेलं की राग विरायचा, कारण ते पाय कुंतीसारखे होते. तेव्हा कारण कळलं नव्हतं, आता कळतंय. मेलेला कर्ण इथे पुढचं तर बदलतोच, मागे घडून गेलेलंही बदलतो. ही ताकद जिवंत पात्राला क्वचितच मिळते.

पात्राला पानावर यावंच लागतं असंही नाही. डॅफ्ने द्यू मोरिएच्या 'रेबेका'त (१९३८) रेबेका कथा सुरू होण्याआधीच गेलेली आहे, आणि कथा सांगणाऱ्या, तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला लेखिकेने नावसुद्धा दिलेलं नाही.

आता तुमची बहीण. समजा, तिने भावाला सांगितलं होतं, 'काहीही झालं तरी घर विकू नकोस.' आणि आईला सांगितलं होतं, 'विकून टाक, मोकळी हो.' दोघंही खरं बोलतायत आणि खुलासा करायला ती नाही. आई आणि भाऊ एकमेकांशी भांडतील, पण खरं तर दोघंही तिच्याशीच भांडत असतील. एवढ्यावर तुमची पुढची शंभर पानं उभी राहू शकतात. मात्र ही दोन्ही वाक्यं तिच्या मृत्यूच्या आधी, कथेच्या ओघात सहज येऊन गेलेली हवीत. मेल्यावर अचानक सापडलेली चिठ्ठी वाचकाला फसवणूक वाटते. आणि तिला देवी करू नका. भावाला तिचा राग येऊ दे, अगदी तिच्या तेराव्याला सुद्धा.

मसुदा पुन्हा वाचताना तिच्या मृत्यूनंतरचं एकेक प्रकरण घ्या आणि त्यातला असा एक निर्णय शोधा, जो ती कथेत मुळातच नसती तर कुणी वेगळा घेतला असता. ज्या प्रकरणात तो सापडणार नाही, तिथला फ्लॅशबॅक बेलाशक काढून टाका.