भावाने जमीन लाटली, तर ख्रिस्ती बहिणीने गप्प बसायचं का?

ताई, वडिलांच्या माघारी भावाने सातबाऱ्यावर तुमचं नाव लागूच दिलं नाही आणि मंडळीतले (चर्चमधले) वडीलधारे 'सूड घेऊ नको' म्हणून तुम्हाला गप्प करतात, असं तुम्ही लिहिलंय. गप्प बसू नका.

बायबलमधल्या रोमकरांस पत्रात, 12:19 मध्ये, प्रेषित पौल सूड देवावर सोपवायला सांगतो. लगेच पुढे, 13:4 मध्ये, वाईट करणाऱ्याला शिक्षा देणारा अधिकारी देवाचा सेवक आहे असंही म्हणतो. मूळ पत्रात अध्याय नव्हते, हे सलग वाचायचं असतं.

जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप, तिमोथी ही त्यांची मुलं गाडीत झोपलेली असताना जमावाने गाडी पेटवली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली, बारीपद्यातलं कुष्ठरोग्यांचं काम पुढे चालवलं. म्हणून खटला थांबला नाही. मुख्य आरोपी दारासिंगला 2003 मध्ये फाशी सुनावली गेली, 2005 मध्ये उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली, 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. क्षमा बाईंनी केली, शिक्षा न्यायालयाने दिली.

आता तुमचं. मत्तय 18:15 प्रमाणे आधी एकट्याने भावाला भेटा. सातबारा आणि फेरफाराची नक्कल सोबत न्या. त्याआधी प्रार्थनासभेत 'प्रार्थनेचा विषय' म्हणून हे सांगू नका. गावभर झालं की भाऊ हट्टाला पेटतो. ऐकलं नाही तर दोघांना न्या, पण त्यात तुमचे यजमान नकोत. कागद वाचता येणारा एक तरी हवा. जे ठरेल ते तारखेसह लिहून सह्या घ्या. मग पाळक आणि मंडळीची कमिटी. तोवर हक्कसोडपत्रावर सही करू नका. मृत्युपत्र नसेल तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने आईला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींना सारखं मिळतं. (गोव्यात कायदा वेगळा.)

कोर्टाचं नाव काढलं की 1 करिंथकरांस 6:7 तोंडावर मारतात, 'अन्याय का सोसत नाही?' याच वचनावरून माझा वडीलधाऱ्यांशी जुना वाद आहे. पाचव्या वचनात पौल मंडळीलाच विचारतो, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? आणि आठव्यात फसवणाऱ्याला झापतो, 'तुम्ही तर भावांनाच लुबाडता.' हे आठवं वचन लुबाडणाऱ्या भावापुढे कोणी वाचत नाही, सातवं मात्र बहिणीला पाठ करायला लावतात. कमिटीने निवाडा टाळला, तर दावा लावण्यात मला पाप दिसत नाही. दावा चालू असताना त्याच्या घरी आजारपण आलं तर डबा मात्र पोचवा, रोमकरांस 12:20 तेच मागतं: शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाल.

अर्थात हे सगळं भाऊ नुसता लबाड असेल तर. तो अंगावर धावून येणारा असेल तर एकटीने भेटायला जाऊच नका, आधी पोलीस ठाणं गाठा.