मालकाचा फोन येत नाही, मग नियंत्रण कुणाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.ला समाजशास्त्राच्या पेपरात माध्यमांची मालकी आणि नियंत्रण हा घटक आहे. नाशिकमधल्या एका उपसंपादकाने तुम्हाला सांगितलं की ‘मालक आमच्या डेस्कवर फिरकतही नाहीत’. मग माध्यमं मालकवर्गाच्या हिताचंच काम करतात, ही मार्क्सवादी मांडणी पुस्तकापुरतीच समजायची का? इथल्याच एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

उपसंपादक खोटं बोललेला नाही. पण त्याच्या अनुभवाने मार्क्सवादाचा एकच प्रकार अडचणीत येतो, साधनवादी. ब्रिटनमधले मार्क्सवादी अभ्यासक राल्फ मिलिबँड यांनी १९६९ मध्ये मांडलं की मालक, वरिष्ठ नोकरशहा, राजकारणी हे साधारण एकाच वर्गातले असतात आणि माध्यमं त्या वर्गाच्या हातातलं हत्यार होतात. ‘सामना’सारख्या पक्षाच्या मुखपत्राला हे सरळ लागू पडतं, आणि तिथे वाचकही फसत नाही. इतर दैनिकांत मालकाने रोज मथळे वाचून घेतले असं क्वचितच घडतं.

म्हणून माध्यम-अभ्यासक ग्रॅहॅम मरडॉक यांची १९८२ ची मांडणी परीक्षेत जरूर लिहा. ते नियंत्रणाचे दोन थर करतात. पैसा कुठे घालायचा, आवृत्ती कुठे काढायची, माणसं किती ठेवायची, संपादक कोण, हा वरचा थर. त्या चौकटीत रोजचा अंक कसा काढायचा, हा खालचा. तुमचा उपसंपादक खालच्या थरावर मोकळा आहे. वरच्या थरावर त्याला कुणी विचारतही नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. संध्याकाळी पानाची डमी, म्हणजे कोऱ्या पानाचा आराखडा, डेस्कवर येते तेव्हा तिच्यावर जाहिराती आधीच बसलेल्या असतात. उरलेली जागा आपली. एखाद्या नेत्याचा वाढदिवस असला की अर्धं पान गेलं, मग गावच्या बंद पडलेल्या पाणीयोजनेची बातमी सहा ओळींत उरकायची. फोन नाही, धमकी नाही. तालुक्याच्या वार्ताहराकडे बघितलंत तर चित्र आणखी स्वच्छ दिसेल. निफाड, येवला, सिन्नर, कुठेही जा. त्याला मानधन नावापुरतं. खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर, आणि दिवाळी अंकाचं, वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट डोक्यावर. जाहिरात देणार कोण? बाजार समितीचे संचालक, पतसंस्था, साखर कारखाना, इच्छुक उमेदवार. बातमी कुणाविरुद्ध लिहायची? त्यांच्याचविरुद्ध. सकाळी ज्याच्या ओट्यावर चहा घेऊन जाहिरातीचा मजकूर लिहून घेतला, त्याच्या संस्थेतला घोटाळा संध्याकाळी कोण लिहील? ही व्यवस्था वार्ताहराने आखलेली नाही. ती वरच्या थरावरची आहे. हर्मन आणि चॉम्स्की या अमेरिकन अभ्यासकांनी १९८८ मध्ये बातमी गाळणाऱ्या पाच चाळण्या सांगितल्या, त्यात मालकी पहिली आणि जाहिरात दुसरी. आपल्याकडे त्या दोन्ही एकाच माणसाच्या, या वार्ताहराच्या, खिशात येऊन बसतात. २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजवरून, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचारावरून, गदारोळ झाला आणि प्रेस कौन्सिलला समिती नेमावी लागली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. तालुक्यात काम केलेल्यांना बसला नाही.

नवमार्क्सवादी मंडळी इटलीतला मार्क्सवादी विचारवंत ग्रामची याच्या वर्चस्वाच्या कल्पनेवरून पुढे जातात: पत्रकारावर दबाव नसतोच, त्याची नजरच तशी घडलेली असते. ग्लासगोच्या अभ्यासगटाने १९७६ मध्ये ब्रिटिश टीव्हीवरच्या संपांच्या बातम्या तपासल्या, तर संपाने लोकांची गैरसोय काय झाली हे भरपूर आणि संप का झाला हे कमी, असं निघालं. यासाठी कांद्याचं उदाहरण द्या. भाव चढला की ‘कांदा रडवणार’ असा मथळा पहिल्या पानावर. लासलगावला भाव कोसळला की बातमी आत जाते. कांदा पिकवणाऱ्या जिल्ह्यातसुद्धा मथळ्यातलं रडणं गिऱ्हाइकाचंच असतं. यामागे कुणाचा कट नाही, म्हणून तर ते मोडणं अवघड.

बहुलतावाद्यांना मात्र चार ओळींत उडवू नका. वाचक हवं ते विकत घेतो आणि नको ते टाकून देतो, हा त्यांचा मुद्दा बाजारभावाच्या रकान्यापुरता पूर्ण खरा आहे. तिथे आकडा चुकला तर शेतकरी त्याच दिवशी पकडतो, आणि मालक कितीही मोठा असो, तो रकाना त्याला छापावाच लागतो. पण सहकारी संस्थेतल्या कर्जवाटपाची बातमी आलीच नाही, हे वाचकाला कळणार कसं?

भारताबद्दल लिहायचं तर कोर्टाचे दोन निकाल विसरू नका. गाइडमध्ये ते सहसा नसतात. मोठ्या वृत्तपत्रांनी स्वस्तात जास्त पानं देऊन छोट्यांना गिळू नये म्हणून १९५६ मध्ये किंमत-पान कायदा झाला. त्याला आव्हान दिलं पुण्याच्या ‘सकाळ’ने, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून रद्द केला. १९७२ च्या बेनेट कोलमन (‘टाइम्स ऑफ इंडिया’ची कंपनी) खटल्यातही सरकारचं वृत्तपत्र-कागदाच्या वाटपाचं धोरण पडलं, तिथे न्या. के. के. मॅथ्यू यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवलं. पुढे तेच दुसऱ्या प्रेस आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९८२ मध्ये आयोगाने वृत्तपत्रं इतर उद्योगधंद्यांपासून तोडा अशी शिफारस केली. ती कागदावरच राहिली. स्वातंत्र्य मालकाचं की वाचकाचं, हा सगळा वाद या दोन निकालांत सापडतो, आणि परीक्षकालाही काहीतरी वेगळं वाचायला मिळतं.

आणखी एक करा. लासलगावला लिलाव बंद पडले की दुसऱ्या दिवशी सार्वजनिक वाचनालयात जाऊन सगळे मराठी पेपर समोर घ्या. व्यापारी, शेतकरी, अधिकारी यांपैकी कोण कितव्या परिच्छेदात बोलतो ते टिपा, आणि त्याच पानावर जाहिरात कुणाची आहे तेही. टिपणं इथे टाका, मग पुढचं बोलू.