पहिलं पातं मोडण्यासाठी कर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पहिलीच सुरी स्वतः घडवायची म्हणतेस. सोबतचं चित्रही नीट पाहिलं: दहा इंची पात्याची शिकारी सुरी, पात्यावर दमास्कसची लहरी नक्षी, शिंगाची मूठ. हौस दांडगी आहे आणि मला ती आवडली. पण ते चित्र सध्या वहीत जपून ठेव. सुरुवात स्वयंपाकघरातल्या साध्या, पाच इंची पात्याच्या सुरीपासून कर. शिकारी सुरी भिंतीवर टांगली जाते आणि तिच्यातलं उणं कधी उघडं पडत नाही. घरातली सुरी रोज कांद्या-टोमॅटोवर चालते आणि आठवड्याभरात तुझं काम कसं उतरलंय ते सांगून मोकळी होते.

दमास्कसच्या नक्षीची घाई करू नकोस. दोन जातींच्या पोलादाचे थर तापवून, ठोकून एकजीव करायचे आणि शेवटी फेरिक क्लोराइड या धातू खाणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बुडवायचे. निकेलवाले थर चकचकीत राहतात, बाकीचे काळवंडतात, म्हणून लहरी दिसतात. दिसायला देखणं काम आहे, पण त्याने सुरी जास्त कापते असं नाही. अमेरिकेत विल्यम मोरन यांनी 1973 साली असे चाकू लोकांपुढे मांडले आणि तिकडे या कामाला नव्याने बहर आला. त्याआधी कितीतरी वर्षं ते साधे चाकूच घडवत होते.

आता पोलाद. भंगारातला ट्रकचा कमानपाटा स्वस्त मिळतो आणि कोयत्याला उत्तमही असतो, पण तुला तो नको. तो नेमक्या कुठल्या जातीचा आहे ते कळत नाही, आणि वर्षानुवर्षं वाकून-वाकून आत बारीक तडे गेलेले असू शकतात. पातं तडकलं तर दोष तुझ्या हाताचा की पाट्याचा, हे कसं ठरवणार? त्यापेक्षा 1084 या जातीच्या पोलादाची 3 मिलिमीटर जाडीची नवी पट्टी विकत घे. त्यात कार्बन साधारण 0.84 टक्के असतो आणि घरगुती भट्टीवर ते सांभाळून घेतं. ईएन 31 किंवा डी 2 या जातींचं पोलाद कुणी गळ्यात मारू लागलं तर घेऊ नकोस. दोन्ही चांगली आहेत, पण त्यांना नेमकं तापमान बराच वेळ धरून ठेवावं लागतं, आणि ते उघड्या भट्टीत जमत नाही.

ऐरण, घण यांची आत्ता गरज नाही. पट्टी तासूनच सुरी करायची. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवीला गेलीस तर एका फेरीत सगळं मिळेल: हॅक्सॉ, एक मोठी खरखरीत कानस, एक बारीक कानस, व्हाइस म्हणजे वस्तू घट्ट धरायचा शिकंजा, पॉलिश पेपर. कानशीवर पैसे वाचवू नकोस. दातांत खडू घासून ठेवलास की लोखंडाचा कीस अडकत नाही आणि पात्यावर खोल ओरखडे उठत नाहीत. धारेच्या बाजूची मधली रेघ काढायला 3 मिलिमीटरचं ड्रिल बिट घे. पट्टी आणि बिट दोन्ही सपाट फरशीवर आडवी ठेव आणि बिटाचं टोक कडेवरून ओढ. जाडी दोघांची सारखीच, त्यामुळे ओरखडा बरोबर मध्यावर पडतो. दोन्ही बाजूंचा उतार त्या रेघेपर्यंत उतरव, पण धारेशी जवळपास एक मिलिमीटर जाडी राहू दे. त्याहून पातळ केलंस तर पाणी देताना, म्हणजे तापवून झटक्यात गार करून कडक करताना, पातं वाकडं होईल.

अशी दोन पाती तयार कर. एक सुरीसाठी, दुसरं मोडण्यासाठी. मोडायचं आधी घ्यायचं.

सुरीचा जीव पाणी देण्यात आहे. ते काम दिवसाउजेडी करू नकोस, कारण उन्हात तापल्या लोखंडाचा रंग फसवतो. संध्याकाळी, आडोशाला, पण मोकळ्या हवेत भट्टी पेटव. पातं लालसर होऊ लागलं की चुंबक लावून बघत जा. 770 अंशांच्या आसपास ते चुंबकाला चिकटायचं थांबतं. आता घाई नको. अंधारात पात्याकडे टक लावून पाहिलंस तर लाल रंगात एक काळसर सावली फिरताना दिसेल. आतली रचना बदलताना पोलाद उष्णता पिऊन घेतं, त्याची ती सावली. ती पातळ होत होत पाठीकडच्या जाड भागातून नाहीशी झाली आणि रंग सगळीकडे एकसारखा उजळला, की पातं तयार झालं. तापमान 815 अंशांच्या जवळ असतं. हा क्षण डोळ्यांत बसला की चुंबकाची गरजही उरत नाही. मला या सगळ्या कलेत याहून सुंदर काही दिसलेलं नाही.

आपण पाणी म्हणत असलो तरी द्यायचं ते तेलात. पाण्यात 1084 तडकण्याची भीती असते. साधं खाद्यतेल 50 अंशांपर्यंत कोमट करून लोखंडी उभट डब्यात भर. पातं टोकाकडून सरळ आत घाल आणि धार-पाठ या दिशेनेच हलव, आडवं हलवू नकोस. तेल पेटू शकतं, म्हणून डब्याचं झाकण आणि वाळूची बादली हाताशी असू दे. पेटत्या तेलावर पाणी कधीही टाकायचं नाही.

गार झाल्यावर धारेवर कानस फिरव. ती काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे. थोडी चावली तरी लगेच निराश होऊ नकोस, वरची कातडी भट्टीत मऊ पडलेली असते. दोन हात मारून खालचं तपास.

आता पातं व्हाइसमध्ये अर्धं धर, वर जाड फडकं गुंडाळ, डोळ्यांवर गॉगल लाव आणि हातोडा घाल. मोडलेलं तोंड उजेडात बघ. राखाडी, मऊ, कण न दिसणारं असेल तर तू योग्य तापमानाला थांबलीस. चमचमणारे दाणे दिसले तर पातं जास्त तापलं. तसं असलं तरी उरलेला तुकडा टाकू नकोस. चुंबक सोडेपर्यंत तापव, उघड्या हवेत काळं होईपर्यंत गार होऊ दे, असं तीनदा कर. मग पुन्हा पाणी दे आणि पुन्हा मोड. दोन्ही तोंडं शेजारी ठेवलीस की बारीक दाणा कशाला म्हणतात ते मला वेगळं सांगावं लागणार नाही. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या चाकू घडवणाऱ्यांच्या संघटनेच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेतही चाकूने आधी एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात कापायचा, लाकूड तोडायचं, त्याच धारेने हातावरचे केस काढायचे आणि शेवटी तोच चाकू व्हाइसमध्ये धरून 90 अंशांत वाकवायचा. चाकू वाया जातो, पण त्याच्या पोटात काय होतं ते कळतं.

दुसऱ्या पात्याला पाणी दिलंस की त्याच संध्याकाळी ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास ठेव, गार कर आणि पुन्हा दोन तास. नुसतं पाणी दिलेलं पातं हातातून पडलं तरी फुटतं. आधी थोडं घासून चकचकीत केलंस तर त्यावर फिकट पिवळा रंग चढलेला दिसेल. आठवडी बाजारात घिसाडी बसले असतील तर त्यांच्याजवळ जरूर थांब. पुरुष सांडशीत लोखंड फिरवतो, बाई घण घालते. कोयत्याची फक्त धार बुडवून बाहेर काढतात, झटक्यात घासतात आणि पाठीतली उरलेली ऊब धारेकडे सरकताना रंग वाचतात. हवा तो रंग धारेशी पोचला की पुन्हा बुडवतात. तुझा ओव्हन चार तासांत करतो ते काम तिथे काही क्षणांत होतं. त्यांचा वेळ घेतलास तर एखादी वस्तू विकत घे, आणि भाव करू नकोस.

तासताना साधा रुमाल पुरत नाही, एन 95 मास्क लाव. लोखंडाच्या भुकटीइतकीच शिसवीसारख्या लाकडाची भुकटीही त्रास देते. केस बांध, ओढणी घरात ठेव. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नकोस, आणि पातं हातात धरून भोक पाडू नकोस, ते आधी घट्ट आवळ. मूठ बसवताना धारेवर टेप गुंडाळ. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नकोस, त्याचा धूर बाधतो.

कायद्याचंही सांगतो. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी नसलेलं पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्रांच्या नियमांत येतं. तुझ्या चित्रातली सुरी तिथेच अडकते.

मुठीसाठी बाभूळ घे. आपल्याकडे अवजारांचे दांडे तिचेच करतात आणि ती सहज मिळते. पण त्याआधी पुठ्ठ्याची पूर्ण मापाची सुरी काप आणि आईला ओट्याशी उभं राहून कांदा चिरल्यासारखी चालवायला सांग. बोटांची पेरं ओट्याला लागतात का, मनगट वाकडं होतं का, ते बघ आणि पुठ्ठा पुन्हा काप. आईचं समाधान झालं की तो आकार कागदावर गिरवून मला पाठव. पट्टी त्यानंतर मागव.

तुझा
काका