फोन आडवा झाला आणि यादी उडाली

«मी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला शिकते आहे. कॉटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत खर्चाच्या नोंदींचं अँड्रॉइड ॲप केलंय. इंटर्नशिपच्या मुलाखतीत समोरच्यांनी फोन आडवा केला. रकमेच्या चौकटीतला आकडा राहिला, पण खाली जोडलेल्या नोंदी गायब झाल्या. ‘जतन करा’ बटण स्क्रीनच्या खाली गेलं, सरकवूनही वर येईना. निवड झाली नाही. मित्र म्हणतो, ॲप उभंच राहील असं लॉक करून टाक. मला मात्र वाटतंय, हे सोडून डेटाच्या कामाकडे वळावं.»

तुझ्या पत्रातली कामाची गोष्ट तूच लिहिली आहेस, फक्त तिच्याकडे लक्ष दिलं नाहीस: आकडा राहिला, नोंदी गेल्या. असं का, हा प्रश्न तुला त्याच दिवशी पडायला हवा होता.

फोन फिरला की अँड्रॉइड चालू ॲक्टिव्हिटी (म्हणजे समोरचा स्क्रीन आणि त्यामागचा कोड) मोडतं आणि नव्याने उभी करतं. चौकटीला आयडी (कोडमधलं तिचं ओळखनाव) असेल तर तिच्यातला मजकूर सिस्टीम स्वतःच जपते. तुझी यादी बहुधा ॲक्टिव्हिटीतल्या एका व्हेरिएबलमध्ये होती, ती ॲक्टिव्हिटीबरोबरच गेली. तिला व्ह्यूमॉडेलमध्ये हलव, फोन फिरला तरी ते टिकतं. मात्र ॲप मागे पडलेलं असताना सिस्टीमने प्रोसेसच (अख्खं चालू ॲप) बंद केली, तर व्ह्यूमॉडेलही जातं. थोडक्या गोष्टी सेव्ह्ड स्टेटमध्ये (सिस्टीम ॲपसाठी जपून ठेवते त्या छोट्या नोंदीत) आणि खऱ्या नोंदी थेट डेटाबेसमध्ये गेल्या पाहिजेत. फोनच्या सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू कर, ॲपमधून बाहेर पडून परत ये, काय काय उडालं ते दिसेल.

बटणाचं दुखणं वेगळं आहे, तिथे जागा कमी पडते. आडव्या फोनला उंची साधारण ३६० ते ४०० डीपीच (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं एकक) मिळते, त्यात कीबोर्ड उघडला की उरतं काय! सगळं स्क्रोलव्ह्यूत, म्हणजे सरकणाऱ्या चौकटीत, कोंबायचा मोह होईल. स्क्रोलव्ह्यूला थेट मूल (आतला घटक) एकच चालतं, दुसरं दिलंस तर ॲप कोसळतं. आत रीसायकलरव्ह्यू (दिसणाऱ्या ओळीच तयार करून पुन्हा पुन्हा वापरणारी यादी) ठेवलास तर दोघं एकाच दिशेला सरकायला बघतात. नेस्टेड स्क्रोलव्ह्यू आणि रॅप कन्टेन्ट (यादीला तिच्या मजकुराएवढी उंची) वापरून ते गप्प बसतात खरे, पण मग सगळ्या ओळी एकदम तयार होतात आणि रीसायकल करण्याचा फायदाच संपतो. दहा नोंदींना चालेल, हजारांना नाही. मी असते तर बटण सरकणाऱ्या भागाबाहेर, तळाशी ठेवलं असतं, उरलेली जागा यादीला दिली असती आणि फॉर्म यादीचीच पहिली ओळ केला असता.

मित्राचा सल्ला मला पटत नाही. कॅमेऱ्यासारख्या ॲपला दिशा बांधायचं कारण असू शकतं, तुझ्या ॲपला ते नाही. शिवाय २०२५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १६ पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपचं हे लॉक, लहान बाजू ६०० डीपी किंवा त्याहून मोठी असलेल्या स्क्रीनवर सहसा मानलं जात नाही. टॅबलेट आणि उघडलेल्या फोल्डेबल फोनवर तेच दुखणं पुन्हा समोर येईल. आणि लॉक लावून खरी चूक झाकली जाते, म्हणजे मुलाखतीत सांगायला काहीच उरत नाही.

मुलाखत घेणाऱ्याने फोन फिरवला तो तुला पाडायला नव्हे. दोन चुकांची दोन वेगवेगळी कारणं तू ओळखतेस का, हे त्याला बघायचं असणार. फ्रेशरकडून सुबक ॲपची अपेक्षा कमी आणि ‘हे असं का झालं’ याच्या उत्तराची जास्त असते, असं माझं मत आहे. म्हणून दुरुस्ती करताना दोन वेगळ्या कमिट (कोडमधल्या बदलाच्या नोंदी) कर, प्रत्येकीत काय दिसलं, कारण काय निघालं, काय बदललं ते चार ओळींत लिही, आणि ते रेझ्युमेत प्रोजेक्टच्या खाली जोड. पुढच्या मुलाखतीत फोन तूच फिरवून दाखव.

डेटाबद्दल नंतर लिही, आणि तेव्हा त्यातलं तुला काय आवडतं तेही लिही. या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.